विद्यापीठाच्या कार्बनचा जमाखर्च

निवासी विद्यापीठ म्हणजे एक गावच. पाच-दहा हजार माणसं तिथे राहतात, जेवतात, प्रयोग करतात, रात्री उशिरापर्यंत जागून अभ्यास करतात. रस्ते, पाण्याच्या टाक्या, दवाखाना, बँकेची शाखा असं सगळं कुंपणाच्या आत असतं. फरक इतकाच की या गावाचा मालक एक आहे. शहरातल्या लोकांनी जुने पंखे बदलावेत असं महापालिकेला वाटलं तर तिला घरोघर विनवावं लागतं. विद्यापीठाला तेच काम व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने करता येतं. शिवाय हिशेब मांडायला भौतिकशास्त्राचे, संख्याशास्त्राचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी जागेवरच असतात. कार्बन-तटस्थ होणं म्हणजे वर्षभरात आपण हवेत सोडतो ते हरितगृह वायू जमेल तितके कमी करणं आणि उरतील तितके परत शोषले जातील अशी व्यवस्था करणं. ही गोष्ट नीट करून पाहायला विद्यापीठासारखी दुसरी जागा नाही. देशाने २०७० सालचं उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. विद्यापीठांनी तोवर थांबण्याचं काही कारण नाही.

आपल्याकडे मात्र या कामाची सुरुवात बहुतेक वेळा शेवटच्या टोकाकडून होते. ५ जूनला वृक्षारोपण होतं, मुख्य इमारतीच्या छतावर सौरपॅनेल लागतात, ‘नॅक’च्या मूल्यांकनासाठी हरित लेखापरीक्षणाचा अहवाल तयार होतो. ही कामं चांगलीच आहेत. पण त्यांच्या आधी करायची कामं राहून जातात, आणि मोठे आकडे त्या राहिलेल्या कामांतच दडलेले असतात.

त्यातलं पहिलं काम हिशेबाचं. जगभर बहुतेक संस्था त्यासाठी ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ नावाची पद्धत वापरतात. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. या पद्धतीत उत्सर्जनाचे तीन कप्पे असतात. आवारातच जे जळतं किंवा गळतं ते पहिल्या कप्प्यात: मेसचा गॅस, जनरेटरचं डिझेल, विद्यापीठाच्या बसगाड्या, एसीतून निसटणारा वायू. विकत घेतलेली वीज दुसऱ्या कप्प्यात, कारण तिचा धूर दूर कुठेतरी औष्णिक केंद्रात निघतो. बाकी सगळं तिसऱ्या कप्प्यात: विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची रोजची ये-जा, प्राध्यापकांचे विमानप्रवास, विकत घेतलेले संगणक, बांधकामाचं सिमेंट, कचरा.

गुणाकारासाठी लागणारे आकडे अवघड नाहीत. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, मग त्यातून पावणेतीन किलो वायू कसा निघतो, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, आणि १२ वजनाच्या कार्बनचा ४४ वजनाचा वायू होतो. मेसमध्ये वापरतात तो १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर संपला की सुमारे ५७ किलो. ग्रीडमधून घेतलेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. एवढ्या तीन आकड्यांवर आणि वित्त विभागातल्या बिलांच्या फायलींवर पहिले दोन कप्पे जवळजवळ भरून होतात.

अडचण पुढे येते. विद्यापीठाला वीज सहसा उच्चदाबाच्या एकाच जोडणीतून मिळते आणि महिन्याला एकच बिल येतं. रसायनशास्त्र विभागाने किती वापरली, ग्रंथालयाने किती, मुलींच्या वसतिगृहाने किती, हे कुणालाच ठाऊक नसतं. जिथे वापर दिसत नाही तिथे तो कमी करण्याची जबाबदारीही कुणाची नसते. म्हणून छतावर पॅनेल चढवण्याआधी प्रत्येक इमारतीला स्वतंत्र मीटर बसवावा, असं मला ठामपणे वाटतं. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागातल्या स्मार्ट एनर्जी इन्फॉर्मेटिक्स प्रयोगशाळेने आपल्याच इमारतीत मीटर आणि संवेदक बसवून विजेचा वापर बारकाईने मोजला आणि त्यावर संशोधन उभं केलं. मीटर लागले की सर्वांत आधी पहाटे तीनचा आकडा पाहावा. त्या वेळी वर्ग बंद असतात, कार्यालयं बंद असतात. तरीही काही इमारती भरपूर वीज खात असतात, आणि ती कशासाठी हे शोधत गेलं की विसरलेले पंप, रात्रभर चालणारे एसी, कुणी न वापरणारे सर्व्हर सापडत जातात.

आता पंखे घेऊ. वसतिगृहातला जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. दोन हजार पंखे, दिवसाला बारा तास, वर्षाचे अडीचशे दिवस असं धरलं तर बदलाने वर्षाला २ लाख ७० हजार युनिट वाचतात. म्हणजे जवळजवळ १९० टन कार्बन डायऑक्साइड. हेच काम सौर विजेने करायचं तर काय लागेल? महाराष्ट्रात छतावरचा एक किलोवॉटचा संच वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो आणि सुमारे दहा चौरस मीटर जागा घेतो. तेव्हा नुसते पंखे बदलणं म्हणजे १९० किलोवॉटचा सौर प्रकल्प आणि त्यासाठीचं जवळजवळ १,९०० चौरस मीटर छत. गरज कमी करण्याला मी आधीचं स्थान देतो ते या गुणोत्तरामुळे. छत ही विद्यापीठाकडची मोजकी गोष्ट आहे, ती उधळ्या यंत्रांसाठी खर्ची पडू नये.

सौर ऊर्जेचा एक आकडा लक्षात ठेवायला फार सोयीचा आहे: एक किलोवॉटमागे वर्षाला सुमारे एक टन. पण दुपारी छतावर तयार होणारी वीज आणि रात्री वसतिगृहात लागणारी वीज यांची वेळ जुळत नाही. नेट मीटरिंगमुळे दिवसाची जादा वीज ग्रीडला देऊन रात्री परत घेता येते आणि कागदावर हिशेब जुळतो, तरी रात्रीची प्रत्यक्ष वीज बहुतांशी कोळशाचीच असते. म्हणून पाणी उपसणं, पाणी तापवणं, बर्फ किंवा थंड पाणी साठवणं, विद्युत बस चार्ज करणं अशी जी कामं दिवसा करता येतात ती दुपारी लावणं शहाणपणाचं. यात टायमरपलीकडे फारसा खर्च नाही.

प्रयोगशाळांकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही, कारण संशोधनाला हात लावायचा नाही असा संकेत आहे. पण जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला उणे ८० अंशांचा एक जुना फ्रीझर दिवसाला पंधरा-वीस युनिट खातो, म्हणजे आपल्याकडच्या काही कुटुंबांइतकी वीज. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरात हे फ्रीझर उणे ७० वर ठेवण्याचा पाठपुरावा बरीच वर्षं चालू आहे. बहुतेक नमुन्यांना त्याने काही होत नाही आणि वीज जवळजवळ एक तृतीयांश वाचते. रसायनशास्त्रातल्या धूर खेचणाऱ्या कपाटांचंही तसंच. कपाटाची काच उघडी राहिली की ते खोलीतली गार केलेली हवा अखंड बाहेर फेकत राहतं.

एसीविषयी एक गोष्ट विजेच्या हिशेबात दिसतच नाही. त्यातला शीतक वायू स्वतःच जबर हरितगृह वायू असतो. अनेक एसींमध्ये वापरला गेलेला आर-४१०ए हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरतो. दीड टनाच्या एसीत तो किलोभर असतो. दुरुस्ती करताना तो हवेत सोडून दिला तर एका दुपारी दोन टनांची भर पडते. छतावरच्या दोन किलोवॉटने वर्षभर केलेली कमाई त्यात जाते. आर-३२ हा पर्याय बराच सौम्य आहे, आर-२९० तर नगण्य. तेव्हा देखभालीच्या कंत्राटातच शीतक परत गोळा करण्याची अट घालावी, आणि किती किलो नवा वायू भरला याची नोंद मागावी. भरलेला वायू म्हणजे आधी गळून गेलेला वायू.

थंडावा आणि उष्णता यांचा विचार एकत्र केला तर काय घडतं याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं आहे. १९८७ पासून तिथे नैसर्गिक वायूवर चालणारं एक केंद्र होतं. ते वीज तयार करी, इमारती तापवायला वाफ देई आणि एसीसाठी थंड पाणीही पुरवी. त्या काळच्या मानाने ते कार्यक्षम होतं. पण विद्यापीठाचं बहुतांश उत्सर्जन तिथूनच निघत होतं. ऊर्जा विभागाने इमारतींच्या मागणीची तासातासाची आकडेवारी तपासली तेव्हा लक्षात आलं की वर्षातल्या मोठ्या काळात परिसराला एकाच वेळी दोन्ही गोष्टी लागतात. रुग्णालय, प्रयोगशाळा, संगणककक्ष यांना थंडावा हवा असतो आणि त्याच तासाला दुसरीकडे खोल्या तापवायला, हात धुवायला गरम पाणी हवं असतं. पूर्वी एका इमारतीतून काढलेली उष्णता शीतनमनोऱ्यांतून वाफ करून आकाशात सोडली जाई आणि दुसऱ्या इमारतीसाठी वायू जाळून नवी उष्णता तयार केली जाई.

घरातला फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो, म्हणून त्याची पाठ कोमट लागते. स्टॅनफर्डने हेच तत्त्व सगळ्या परिसराला लावलं. मोठे हीट पंप परतीच्या पाण्यातली उष्णता उचलून गरम पाण्याच्या वाहिन्यांत घालू लागले. त्यासाठी वाफेचं जाळं काढून सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या गरम पाण्याच्या वाहिन्या टाकाव्या लागल्या, दीडशेच्या वर इमारतींमधल्या जोडण्या बदलाव्या लागल्या, गरम आणि थंड पाण्याच्या प्रचंड टाक्या बांधाव्या लागल्या. खर्च ४८ कोटी ५० लाख डॉलर. २०१५ मध्ये नवं केंद्र सुरू झालं आणि वायूचं केंद्र बंद झालं. सौर विजेची जोड मिळाल्यावर उत्सर्जन पूर्वीच्या तुलनेत दोन तृतीयांशाहून अधिक घटलं. मनोऱ्यांतून उडून जाणारं पाणीही वाचलं, आणि दुष्काळी कॅलिफोर्नियात ते फार मोलाचं होतं. इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट विद्यापीठाने याच दिशेने पण निराळा रस्ता धरला. तिथे जमिनीत ३,६०० च्या वर विंधनछिद्रं घेऊन उन्हाळ्यातली उष्णता जमिनीत ठेवायची आणि हिवाळ्यात काढायची अशी व्यवस्था केली गेली आणि कोळशाच्या भट्ट्या बंद झाल्या.

आपल्याकडे खोल्या तापवाव्या लागत नाहीत, मग या गोष्टीचा आपल्याला काय उपयोग? उपयोग आंघोळीच्या पाण्यात आहे. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून बेचाळीस अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. दोन हजार विद्यार्थी आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले तर दोन लाख युनिट, म्हणजे १४० टन. हीट पंपाला याच कामासाठी एक तृतीयांशाच्या आसपास वीज पुरते, कारण तो उष्णता तयार करत नाही, आजूबाजूच्या हवेतून उचलतो. सोलर वॉटर हीटर तर आपल्याला पाठच आहेत. पण अनेक वसतिगृहांच्या गच्चीवर ते क्षार साचून किंवा नळ्या फुटून बंद पडलेले असतात आणि न्हाणीघरात गिझर चालू असतात. नवं काही बसवण्याआधी बंद पडलेलं दुरुस्त करायला लागणारे पैसे कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचे, हा प्रश्न सुटला तरी बरंच साधेल.

खरी गफलत होते ती इमारतींच्या बाबतीत. नवी इमारत बांधली की तिच्यातला पहिला तास भरण्याआधीच हजारो टनांची नोंद झालेली असते, कारण सिमेंट आणि पोलाद. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा दुसरा भाग भट्टी सौर विजेवर चालवली तरी टळत नाही. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. विद्यापीठं नव्या इमारतींचा अभिमान बाळगतात, आणि तो मला समजतो. पण सकाळी खच्चून भरलेल्या आणि दुपारी तीननंतर रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या ज्या आवारात आहेत, तिथे आधी वेळापत्रक नव्याने बसवून पाहायला हवं. दोन विभागांनी एक सभागृह वाटून घेतलं तर एका सभागृहाचं सिमेंट वाचतं.

बांधायचंच असेल तर कसं बांधावं याचा धडा पन्नास वर्षांपूर्वीच तिरुअनंतपुरममध्ये गिरवला गेला आहे. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी उभारलेल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात बांधला. बेकर मूळचे बर्मिंगहॅमचे. मुंबईत बोटीची वाट पाहत असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि त्यांचं पुढचं आयुष्य भारताशी जोडलं गेलं. या परिसरात त्यांनी विटांवर गिलावा केला नाही. भिंतीतल्या विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या केल्या, त्यामुळे मधे पोकळी राहिली. सुमारे पाव हिश्शाने विटा वाचल्या आणि पोकळीतल्या हवेने उन्हाला आत येऊ दिलं नाही. स्लॅबच्या बाबतीतही त्यांनी साध्या बलशास्त्राचा उपयोग केला. स्लॅबचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण सळया घेतात. खालच्या भागातलं काँक्रीट सळयांना धरून ठेवण्यापलीकडे फार काही करत नाही. तिथे त्यांनी मंगलोरी कौलं घातली. काँक्रीट कमी लागलं, वजन उतरलं, छताखाली गारवा आला. खिडक्यांच्या जागी विटांच्या जाळ्या आहेत, त्यांतून वारा येतो आणि ऊन चाळून येतं. टेकडीवरची झाडं तोडायला लागू नयेत म्हणून भिंती वळवून घेतल्या आहेत. एसी नंतर बसवून इमारतीचे दोष झाकण्याची वेळच येऊ द्यायची नाही, असा हा विचार आहे. पुण्या-मुंबईत शैक्षणिक इमारतींना पश्चिमेकडून काचेचे दर्शनी भाग लावलेले पाहिले की मला बेकरांची फार आठवण येते.

राजगीरचं नालंदा विद्यापीठ हे याच परंपरेतलं ताजं उदाहरण. बाळकृष्ण दोशी यांच्या ‘वास्तुशिल्प’ संस्थेने आखलेल्या या परिसराचं उद्घाटन जून २०२४ मध्ये झालं. मातीचे दाबून तयार केलेले ठोकळे, पोकळ जाड भिंती, शंभर एकरांच्या आसपास पाणसाठे, स्वतःची सौर वीज आणि सांडपाण्याचा फेरवापर, अशी एकमेकांत गुंफलेली रचना तिथे केली आहे. सुरुवातीपासून कोऱ्या जमिनीवर आखता आलं, ही त्यांची सोय. जुन्या विद्यापीठांना ती नाही, पण सिमेंटची निवड त्यांच्याही हातात आहे. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती यांचं मिश्रण असलेलं एलसी-थ्री सिमेंट क्लिंकरचं, म्हणजे भट्टीत भाजून मिळणाऱ्या मूळ घटकाचं, प्रमाण निम्म्यावर आणतं आणि उत्सर्जन चाळीस टक्क्यांपर्यंत घटवतं. त्याच्या विकासात स्वित्झर्लंड आणि क्यूबामधल्या संशोधकांबरोबर दिल्ली, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटींचा हात होता. २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. आपल्याच संस्थांनी घडवलेलं सिमेंट आपल्याच संस्थांच्या निविदेत यायला हवं.

पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं उदाहरण कोल्हापुरात आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाला ८५३ एकरांचा खडकाळ माळ मिळाला होता. तिथे उतारावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यांत आणि विहिरींत अडवलं गेलं, आणि परिसराची बरीच गरज त्यावर भागते. बाहेरून पाणी आणण्याची, उपसण्याची, शुद्ध करण्याची वीज तेवढी वाचते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथल्या लोकांचा अनुभव. पाऊस कुठे पडतो, कुठून वाहतो, कुठे मुरतो हे एकदा नकाशावर मांडलेल्या लोकांना वीज आणि कचऱ्याचा नकाशा मांडणं जड जात नाही.

मेसच्या उष्ट्याचं काय करावं याची तंत्रं महाराष्ट्रातच विकसित झाली आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हा जैववायू प्रकल्प घडवला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडावा. रोजच्या दोनशे किलो उष्ट्या-खरकट्यातून साधारण वीस घनमीटर वायू मिळतो, आणि तो नऊ किलो एलपीजीच्या जागी चालतो. म्हणजे व्यावसायिक सिलिंडरचा जेमतेम अर्धा. मेसचा गॅस त्याने सुटणार नाही. खरा लाभ दुसरा आहे. हेच अन्न कचरा डेपोत दबून सडलं असतं तर त्यातून मिथेन निघाला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट घातक आहे. त्याआधी ताटात कमी वाढून घेण्याची सवय लागली तर आणखी उत्तम.

प्रवासाबद्दल थोडक्यात. वसतिगृह वाढवणं हा वाहतुकीचा उपाय आहे, असं कुणी मांडत नाही, पण तो आहे. आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्याला रोज दुचाकी काढावी लागत नाही. संशोधन संस्थांचा विमानप्रवास मात्र लक्ष देण्याजोगा आहे. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाने मोजलं तेव्हा विमानं हा त्यांच्या उत्सर्जनातला सर्वांत मोठा भाग निघाला, आणि त्यांनी विभागवार कपातीची उद्दिष्टं ठरवली. आपले प्राध्यापक तितके उडत नाहीत. एका तासाच्या परीक्षक बैठकीसाठी होणारे देशांतर्गत प्रवास तेवढे आजच थांबवता येतील.

राहिलं ते झाडांचं आणि भरपाईचं. परिसरात झाडं हवीतच. सावली, पक्षी, गारवा, मनाचा विसावा यांसाठी हवीत. पण एका मोठ्या झाडाचं वर्षाचं शोषण उदारपणे वीस किलो धरलं, तरी वसतिगृहातल्या गिझरचे १४० टन फेडायला सात हजार वाढलेली झाडं लागतात. शिवाय पुणे, सातारा, सोलापूर, कोल्हापूर भागातले माळ उजाड दिसले तरी ते जिवंत गवताळ प्रदेश आहेत. त्यांच्या मातीत कार्बन साठलेला असतो आणि तिथे तितर, चंडोल, ससे, लांडगे जगतात. खड्डे खणून गिरिपुष्प लावल्याने हिरवळ दिसते, पण ते गवत आणि ते जीव जातात. विद्यापीठाकडे असा माळ असेल तर वनस्पतिशास्त्र विभागाने तो तसाच राखावा.

इतरांकडून कार्बन क्रेडिट विकत घेऊन तटस्थ होण्याचा मार्गही जगाने अनुभवला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये जाहीर केलं की आपले दहाही परिसर २०२५ पर्यंत पहिल्या दोन कप्प्यांत तटस्थ होतील. पण त्यांच्या बहुतेक परिसरांत वायूवर चालणारी ऊर्जाकेंद्रं होती, आणि ती न बदलता लक्ष्य गाठायचं तर क्रेडिटवर विसंबावं लागणार होतं. तिथल्याच प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी शंका घेतल्या. दरम्यान २०२३ च्या जानेवारीत ‘द गार्डियन’ आणि सहकारी वृत्तसंस्थांनी जंगलरक्षणाच्या अनेक क्रेडिटमागे प्रत्यक्ष घट नसल्याचं दाखवणारा शोधवृत्तान्त छापला. त्याच वर्षी विद्यापीठाने धोरण बदललं: २०१९ च्या तुलनेत ९० टक्के प्रत्यक्ष कपात, २०४५ पर्यंत. तारीख वीस वर्षं पुढे गेली, तरी मला हा निर्णय अधिक सच्चा वाटतो. एका मोठ्या विद्यापीठाने आपलं जाहीर वचन तपासलं आणि ते जास्त कठीण करून घेतलं.

मग हे सगळं करायचं कुणी आणि पैसे कुठून आणायचे? कुलगुरू पाच वर्षांनी बदलतात, अभियंता आणि वीजतंत्री तीस-तीस वर्षं तिथे असतात. परिसराची खरी माहिती त्यांच्याकडे असते आणि अशा समित्यांवर बहुधा तेच नसतात. पैशांसाठी हार्वर्डने २००२ पासून चालवलेला फिरता निधी पाहण्याजोगा आहे. विभागाने त्यातून उसने पैसे घ्यायचे, बचतीची यंत्रं बसवायची आणि वाचलेल्या बिलातून ते फेडायचे. निधी वाढत १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत गेला. आपल्याकडे वाचलेल्या बिलाचे पैसे सर्वसाधारण खात्यात मिसळतात आणि बचत करणाऱ्या विभागाच्या हाती काही उरत नाही. निविदेतही सर्वांत कमी किमतीचा पंखा निवडला जातो, पुढच्या पाच वर्षांत तो किती वीज खाणार हे किमतीत धरलं जात नाही. या दोन नियमांत बदल करायला अधिसभेत चर्चा घडवावी लागेल, पण कुठल्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. पंखा तीन हजार रुपयांचा आणि युनिट दहा रुपयांचं धरलं, तर वरच्या दोन हजार पंख्यांना साठ लाख लागतात आणि वर्षाला सत्तावीस लाख वाचतात. सव्वादोन वर्षांत मुद्दल निधीत परत येतं. त्यानंतरची पहिली रक्कम गच्चीवरच्या बंद पडलेल्या सोलर हीटरांच्या दुरुस्तीला द्यावी, दुसरी हीट पंपांना, आणि छतावर किती पॅनेल लागतील याचा हिशेब त्यानंतर, उरलेल्या मागणीवर करावा.